एका दहा अंकी संख्येचा स्वभाव

संख्येतले अंक मिळवत मिळवत एका अंकावर यायचं आणि मग त्या संख्येचा 'स्वभाव' सांगायचा, असला एक व्हिडिओ परवा कुणीतरी पाठवला. संख्यांना स्वभाव असतो हे मलाही मान्य आहे. फक्त तो असा कळत नाही.

उदाहरणार्थ ४,२९,४९,६७,२९७. अंकांची बेरीज ५९, मग १४, मग ५. आता हीच संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहा: आधी १, मध्ये ३१ शून्यं, शेवटी १. बेरीज २! लिपी बदलली की स्वभाव बदलतो, तो कसला स्वभाव?

खरी ओळख अशी: २ चा ३२वा घात, अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत गेलं की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात आणि या पाचही मूळ संख्या आहेत. त्यावरून पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० च्या सुमारास पत्रांतून अंदाज बांधला, की पुढच्याही सगळ्या मूळच असणार. सिद्धता त्याच्याकडे नव्हती. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने लगेचच्या सहाव्या, म्हणजे आपल्याच संख्येचे दोन तुकडे करून दाखवले: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ तिला भागतो हे भागाकार न मांडताही दिसतं, आणि मला त्याचंच फार अप्रूप आहे. फक्त ६४१ ने भागल्यावरच्या बाकीकडे लक्ष ठेवा. ६४१ = ५ × १२८ + १. म्हणजे ५ × १२८ ला पूर्ण भाग जायला १ कमी पडतो. त्याची बाकी −१ धरू. १२८ हा २ चा ७वा घात. आता सगळ्याचा चौथा घात करा. −१ चा होतो १. ५ चा होतो ६२५, आणि २ चा घातांक ७ वरून २८ वर जातो. म्हणून ६२५ × (२ चा २८वा घात) याची बाकी १.

आता गंमत. ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे! तेव्हा बाकीपुरतं ६२५ च्या जागी −१६ लिहिलं तरी चालतं. १६ म्हणजे २ चा चौथा घात. २८ आणि ४ मिळून ३२. म्हणजे उणे (२ चा ३२वा घात) याची बाकी १. चिन्ह पलटा, बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य. भाग गेला.

पण ६४१ सुचावा कसा? या संख्येच्या कुठल्याही मूळ भाजकाला ६४ ने भागलं की बाकी १ उरते, हेही ऑयलरने पुढे सिद्ध केलं. त्यासाठी लागतं ते फर्माचंच एक प्रमेय! या चाळणीतून उरणाऱ्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या फटक्यात काम फत्ते.

खरं तर चौथ्याच. आपल्या संख्येहून २ ने लहान अशी ४,२९,४९,६७,२९५ ही संगणकाच्या ३२ बिटांत, म्हणजे ३२ द्विमान अंकांत मावणारी सर्वांत मोठी संख्या. ती बरोबर ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ इतकी भरते. मग तिच्यात २ मिळवल्यावर या पाचांपैकी कुणीही भागलं तरी बाकी २ च उरणार. २५७ ला तपासायची गरजच नव्हती.