हेडलाईटच्या मोटरवर ती रबरी टोपी का असते

पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चं (सगळे मियाटाच म्हणतात, मीपण तेच म्हणणार) बॉनेट उघडलं की पॉप-अप (एरवी नाकात लपलेल्या, लागताना वर येणाऱ्या) हेडलाईटच्या मोटरवर एक छोटी रबरी टोपी दिसते. ती काढली की खाली नॉब, आणि तो हाताने फिरवत बसलं की लाईट हळूहळू वर येतो. घरी मोटर दुरुस्त करायला घेणाऱ्याची पहिली गाठ याच नॉबशी पडते, कारण मोटर मेली तरी त्या रात्री गाडी घरी न्यायची असतेच ना. पण कंपनीने हा नॉब दिला कशाला हे शोधत गेलं की मामला थेट अमेरिकन सरकारच्या नियमांपर्यंत जातो, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की या मोटरच्या पोटात जे काही आहे त्यातलं बरंचसं त्या नियमांमुळेच समजतं. स्टाईल वगैरे सगळं नंतर.

सुरुवात मात्र स्टाईलनेच झाली होती, ते मान्य. १९३५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ऑटो शोमध्ये कॉर्ड ८१० आली, गॉर्डन ब्यूरिगचं डिझाईन, तिचे दिवे पुढच्या मडगार्डांमध्ये लपवलेले होते. मूळ दिवे स्टिन्सन विमानांच्या लँडिंग लाईटवरून घेतलेले, कारण ई. एल. कॉर्डच्या पसाऱ्यात विमान कंपनीपण होती, घरचाच माल. मोटर वगैरे भानगड नाही, डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल, एक डाव्या दिव्याचं एक उजव्याचं, म्हणजे अंधार पडला की एक आपण फिरवायचं आणि दुसरं शेजारी बसलेल्याला फिरवायला सांगायचं. एकटे असाल तर गाडी थांबवा आणि तिकडे सरका.

खरा ट्विस्ट १९४० मध्ये आला. त्याआधीच्या हेडलाईटमध्ये धूळ-पाणी जायचं, आतला आरसा काळा पडायचा आणि उजेड महिन्यागणिक कमी व्हायचा, म्हणून अमेरिकेत सीलबंद बीम आला: फिलामेंट, आरसा, पुढची काच सगळं एकाच काचेच्या डब्यात बंद, ७ इंची गोल, सगळ्या गाड्यांना तोच. आपल्याकडे अँबॅसेडर आणि महिंद्राच्या जीपला तोंडावर जो गोल दिवा बघितलाय तो साधारण याच मापाचा. आयडिया चांगली होती, कुठल्याही गावात कुठल्याही दुकानात बल्ब मिळणार. पण मग गाडीचं तोंड कसं असावं हे डिझायनरच्या हातात राहिलंच नाही. १९५७-५८ पासून चार छोटे दिवे लावायची परवानगी मिळाली आणि सत्तरच्या दशकात चौकोनी दिवे चालायला लागले, तरी माप सरकारने ठरवलेलंच.

वर अजून एक अट, दिवा जमिनीपासून साधारण दोन फुटांच्या खाली नको. आता स्पोर्ट्स कारचं नाक मुळात तेवढं उंच नसतंच, बसवणार कुठे? बरं, दिवा खाली ठेवून वर तिरकी काच बसवावी तर १९६८ पासून अमेरिकेत तेपण बंद झालं, जॅग्वार ई-टाईपच्या दिव्यांवरच्या त्या सुंदर काचा त्याच वेळी गेल्या आणि गाडी बिचारी डोळे वटारून बघतेय अशी दिसायला लागली. फेरारी डेटोना युरोपात पारदर्शक पट्टीमागे स्थिर दिवे घेऊन आली होती, तिलाही नंतर पॉप-अप दिले ते याच बाजारासाठी. टोयोटा २००० जीटीची तर गंमतच, पुढे काचेमागे मोठे दिवे आहेत तरी वर पॉप-अप आहेतच, कारण खालचे उंचीच्या नियमात बसत नव्हते. म्हणजे दिवसा नाक खाली ठेवायचं आणि रात्री नियमापुरतं दिवा वर काढायचा, एवढाच तो जुगाड. अमेरिका हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असल्यामुळे जपानी आणि इटालियन कंपन्यांनी तोच जुगाड जगभर विकला आणि आपण त्याला स्टाईल म्हणायला लागलो.

वर काढायचा कसा, याचे प्रयोग भरपूर झाले. १९६३ च्या कॉर्वेटला इलेक्ट्रिक मोटर होत्या, दिवे गोल फिरून बाहेर यायचे. ओपेल जीटीला लिव्हर होता, तो ढकलला की दोन्ही दिवे एकाच दिशेला लोळण घेत उघडायचे, मोटर नाही म्हणजे बिघडायला पण काही नाही. पण साठच्या दशकातल्या बऱ्याच जणांना व्हॅक्यूमचा मोह पडला. इंजिनच्या इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम फुकट मिळतो, नळी टाका, डब्यात साठवा आणि दिवा उचला. १९६२ च्या लोटस इलॅनमध्ये हे होतं आणि साठवायला वेगळी टाकीपण नाही, चॅसीच्या पुढच्या पोकळ आडव्या भागातच व्हॅक्यूम साठवायचा. हुशार काम, पण सुरुवातीच्या इलॅनमध्ये व्हॅक्यूम दिवा वर धरून ठेवायचा, म्हणजे कुठे गळती लागली की रात्री भर वेगात दिवे आपोआप खाली बसायला लागणार! नंतरच्या इलॅनमध्ये गणित उलटं केलं, व्हॅक्यूमने खाली धरायचं आणि स्प्रिंगने वर, म्हणजे गळती झाली तर दिवे उघडे राहतील. १९६८ च्या कॉर्वेटनेही व्हॅक्यूमच घेतला, आणि जुन्या कॉर्वेटवाल्यांचा नाकाखालच्या रबरी नळ्या, व्हॉल्व आणि गळती शोधत बसण्याचा जो छंद आहे तो तिथूनच सुरू झाला.

ही सगळी धांदल चालू असताना १ जानेवारी १९६९ पासून अमेरिकेत लपणाऱ्या हेडलाईटसाठी वेगळा सुरक्षा नियम लागू झाला, क्रमांक ११२. छोटासाच आहे पण दुरुस्तीला बसणाऱ्याने जरूर समजून घ्यावा असा आहे. दिवा लागलेला असताना पॉवर गेली तरी उघडं झाकण पूर्ण उघडंच राहिलं पाहिजे. यंत्रणा बिघडली तर कुठलंही हत्यार न वापरता दिवा पूर्ण उघडता आला पाहिजे. आणि उघडायला ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये, तेपण कडाक्याच्या थंडीपासून रणरणत्या उन्हापर्यंत.

आता मोटर उघडून बघा. आत मोटरच्या शाफ्टवर वर्म गिअर (स्क्रूसारखे आटे असलेला) असतो, तो एका मोठ्या चाकाला फिरवतो. वर्मची खासियत म्हणजे तो चाकाला फिरवू शकतो पण चाक सहसा त्याला उलटं फिरवू शकत नाही, त्यामुळे वायर तुटली, फ्यूज उडाला, काहीही झालं तरी वर आलेला दिवा वाऱ्याने किंवा खड्ड्याने खाली बसत नाही. पहिल्या अटीचं उत्तर झालं. हत्यार न वापरता उघडायची अट म्हणजे तो हाताने फिरवायचा नॉब. पोर्शे ९२४ आणि ९४४ मध्ये तर दोन्ही दिवे एकाच दांड्यावर एकाच मोटरला जोडलेत, तिथेही हाताने फिरवायची सोय आहेच. (मियाटावाले हाच नॉब वापरून दिवे अर्धवट उघडे ठेवतात, झोपाळलेल्या डोळ्यांचा लूक म्हणे. नियम लिहिणाऱ्याला हे दाखवायला पाहिजे.)

थांबायचं कुठे हे मोटरला कसं कळतं, इथे मात्र कंपन्यांचे रस्ते वेगळे झाले आणि घरी होणारी दुरुस्तीपण त्याप्रमाणे वेगळी होते. मियाटाची मोटर वायपरच्या मोटरची बहीण आहे. एकाच दिशेला फिरते, अर्ध्या फेरीत क्रँक (शाफ्टवरचा आडवा हात) दिव्याला वर ढकलतो आणि पुढच्या अर्ध्या फेरीत खाली ओढतो, आणि आत फिरणाऱ्या कॉन्टॅक्टमध्ये खाच येते तिथे करंट तुटतो. कॉन्टॅक्ट खराब झाले की दिवा मध्येच थांबतो किंवा थांबतच नाही, वर-खाली वर-खाली चालूच. इथे बऱ्याचदा मोटर मेलेली नसतेच, साफसफाई आणि ताजं ग्रीस एवढ्यावर भागतं, फार तर दांड्याच्या टोकाचे बुश झिजलेले असतात.

कॉर्वेट सी५ मध्ये, म्हणजे १९९७ ते २००४ च्या पाचव्या पिढीत, वेगळं आहे. तिथे मोटर दिव्याला शेवटच्या अडथळ्यापर्यंत नेते, तिथे ती अडली की करंट वाढतो आणि तो ओळखणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल तिला बंद करतं. म्हणजे प्रत्येक वेळी शेवटी एक धक्का, आणि तो धक्का खाणार कोण तर आतलं प्लास्टिकचं गिअर. ते कधी पूर्ण फेरी मारतच नाही, त्यामुळे मार खाणारे दात दर वेळी तेच, बाकीचे नव्यासारखे. शेवटी तेवढेच दात भुगा होतात, दिवा वर आला तरी मोटर घरघरत राहते कारण आता तिला अडवणारं कोणी नाही, मॉड्यूलला काही कळत नाही आणि वेळ संपेपर्यंत ती फिरत बसते. ऐंशीच्या दशकातल्या जीएमच्या (कॉर्वेट बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या) मोटरमध्ये गिअरच्या खाचांत प्लास्टिकचे छोटे रोलर होते, ते धक्का पचवायला ठेवलेले, आणि वर्षानुवर्षांनी उघडलं की रोलरच्या जागी फक्त पिवळट चुरा सापडतो.

या सगळ्याचं मूळ कारण मात्र १९८३ लाच संपलं होतं. फोर्डच्या अर्जावरून अमेरिकेने बल्ब बदलता येणारे, हव्या त्या आकाराचे हेडलाईट चालू केले, १९८४ ची लिंकन मार्क ७ ही त्यातली पहिली गाडी. त्यानंतरही मियाटा १९८९ मध्ये आणि होंडा एनएसएक्स १९९० मध्ये पॉप-अप घेऊन आल्या, तेव्हा मात्र ती खरीच फॅशन होती. नंतर युरोपात पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम कडक होत गेले, वर उभा राहणारा कडक डबा कोणालाच परवडेना, वजन आणि खर्च होताच. मियाटाची दुसरी पिढी स्थिर दिव्यांची, एनएसएक्सने २००२ च्या बदलात पॉप-अप सोडले आणि २००४ मध्ये कॉर्वेट सी५ व लोटस एस्प्री संपल्यावर विषय संपला. 'बॅन केले' असं सरसकट म्हणतात ते अर्धवट खरं आहे, अमेरिकेत बंदी कधी आलीच नाही, ११२ ची कलमं दिव्यांच्या मुख्य नियमात, म्हणजे क्रमांक १०८ मध्ये, सामावून घेतली एवढंच.

त्यामुळे आज सगळ्यात नवी मोटरसुद्धा वीस वर्षांची आहे आणि घरी उघडून बसण्याला पर्याय नाही. सी५ वाल्यांना पितळी गिअर मिळतं, टिकतंही, फक्त मग तो धक्का पुढे कुठे जातो याचा विचार करून घ्या, कारण अडथळ्यावर आपटणं काही थांबलेलं नसतं. खिसा हलका असेल तर त्याहून स्वस्त उपाय आहे: फ्यूज काढायचा, मोटर सोडवायची, जुनंच गिअर अर्धी फेरी फिरवून परत बसवायचं, म्हणजे इतकी वर्षं बसून राहिलेले दात कामाला लागतात.