महाकाय अजगरांच्या व्यापारावरील निर्बंध (अमेरिका)

महाकाय अजगर आणि ॲनाकोंडा यांच्या आयातीवर व वाहतुकीवर अमेरिकेच्या संघीय सरकारने २०१२ आणि २०१५ मध्ये घातलेली बंदी आणि तिच्यावरून पेटलेला वाद. वादाची एक बाजू वन्यजीव खाते, एव्हरग्लेड्स या दक्षिण फ्लॉरिडातील दलदलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे व्यवस्थापक आणि निसर्गसंस्था यांची, तर दुसरी हौशी सर्पपालक आणि साप पैदास करून विकणारे व्यावसायिक यांची. दक्षिण फ्लॉरिडाच्या दलदलीत अजगर माजले आहेत, हे दोघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते एका राज्याच्या दुखण्यासाठी सगळ्या देशाला पथ्य लावावे का, यावर.

बंदीचा आधार १९०० सालचा लेसी कायदा. परदेशातून आलेल्या ज्या प्राण्यांमुळे शेतीला, माणसाला किंवा स्थानिक वन्यजीवांना धोका आहे, त्यांना ‘अपायकारक’ ठरवून आयात रोखण्याची त्यात सोय आहे. पहिल्या यादीत मुंगूस होते आणि फळे खाणारी वटवाघळेही होती. मुंगसाला सापाचा वैरी म्हणून मानाने वागवणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला याची गंमत वाटेल. पण उसाच्या मळ्यातले उंदीर खावेत म्हणून सोडलेल्या मुंगसांनी वेस्ट इंडीजमध्ये आणि हवाईत जो उच्छाद मांडला, तो अमेरिकेच्या चांगलाच ध्यानात होता.

ब्रह्मी अजगर हा या प्रकरणाचा नायक. १९९६ ते २००६ या काळात सुमारे ९९ हजार ब्रह्मी अजगर अमेरिकेत आयात झाले. पिल्लू हातभर लांबीचे, शांत स्वभावाचे आणि खिशाला परवडणारे. काही वर्षांत तेच तीन-चार मीटरचे होते, त्याला ससे पुरवावे लागतात आणि घरात वेगळी खोली द्यावी लागते. कंटाळलेल्या मालकांनी अशी जनावरे रस्त्याकडेच्या कालव्यांत सोडली. एव्हरग्लेड्समध्ये पहिला अजगर १९७९ मध्ये आढळला. तिथे त्यांची वीण होऊन वस्ती झाली आहे, हे २००० च्या सुमारास मान्य झाले. १९९२ च्या अँड्र्यू वादळात पैदास केंद्र उद्ध्वस्त होऊन अजगर पळाले, ही कथा फार लोकप्रिय आहे. सर्पव्यवसायालाही ती सोयीची, कारण तिच्यात दोष मालकांकडून वाऱ्याकडे जातो. त्या वादळाने भर घातली असेलही, पण अजगर त्याआधीच तिथे दिसत होते.

नुकसानीचा सर्वांत गाजलेला पुरावा जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री रस्त्याने गाडी हाकत दिसतील ते सस्तन प्राणी मोजायचे, अशी साधी पद्धत. १९९० च्या दशकातील मोजणीच्या तुलनेत २००३ ते २०११ मध्ये रॅकून आणि ओपोसम हे मांजराएवढे सस्तन प्राणी जवळजवळ ९९ टक्क्यांनी घटले होते, बॉबकॅट हे रानमांजर ८७ टक्क्यांहून अधिक. ससे तर दिसलेच नाहीत. टीकाकार म्हणाले, दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. रोगराई असेल, पाण्याची पातळी बदलली असेल. मग संशोधकांनी रेडिओ पट्टे बांधलेले पाणससे दलदलीत सोडून पाहिले. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मेलेल्या सशांपैकी ७७ टक्के अजगरांच्या पोटात गेले होते. निदान सशांपुरता तरी हा मुद्दा तिथे निकाली निघाला असे म्हणायला हरकत नाही.

खरी रस्सीखेच नकाशावर झाली. दक्षिण फ्लॉरिडा जलव्यवस्थापन जिल्ह्याने २००६ मध्ये ब्रह्मी अजगराला अपायकारक ठरवण्याची मागणी केली. २००८ मध्ये अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी या अजगराच्या मूळ प्रदेशातील हवामान अमेरिकेच्या नकाशावर ताडून पाहिले आणि देशाचा सुमारे एक तृतीयांश भाग त्याला मानवण्याजोगा असल्याचे दाखवले. बातमी अर्थातच देशभर गेली. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने अधिक हवामान-घटक धरून गणित मांडले. त्यांच्या नकाशात योग्य जागा उरली ती दक्षिण फ्लॉरिडा आणि टेक्सासचे दक्षिण टोक एवढीच. एकाच सापाबद्दलच्या या दोन नकाशांवर पुढची सगळी वकिली उभी राहिली.

जानेवारी २०१० मधील कडाक्याच्या थंडीने वादात उडी घेतली. एव्हरग्लेड्समध्ये रेडिओ संदेशकाने माग ठेवलेल्या १० अजगरांपैकी ९ मेले. फ्लॉरिडातून दक्षिण कॅरोलिनात नेऊन बंदिस्त आवारात ठेवलेले दहाही त्या हिवाळ्यात गेले. सर्पपालकांना हा हुकमाचा पत्ता वाटला. पण फ्लॉरिडातली वस्ती काही संपली नाही. वाचलेल्या अजगरांच्या जनुकांचा अभ्यास २०१८ मध्ये आला, तेव्हा थंडीतून तगण्याच्या दिशेने निवड झाल्याच्या खुणा त्यांत सापडल्या. म्हणजे थंडीने साप मारले आणि उरलेले बहुधा अधिक चिवट केले.

प्रस्ताव मार्च २०१० मध्ये नऊ प्रजातींसाठी आला. प्रत्यक्षात २०१२ मध्ये चारच यादीत गेल्या: भारतीय अजगर (ब्रह्मी अजगर त्यातच धरलेला), उत्तर व दक्षिण आफ्रिकी अजगर आणि पिवळा ॲनाकोंडा. तेव्हाचे गृहमंत्री केन सालझार यांनी ही घोषणा एव्हरग्लेड्समध्येच केली. (अमेरिकेत वन्यजीव आणि राष्ट्रीय उद्याने गृहखात्याकडे असतात, आपल्या गृहखात्यासारखा देशाच्या कायदा-सुव्यवस्थेचा कारभार या खात्याकडे नसतो.) २०१५ मध्ये जाळीदार अजगर, हिरवा ॲनाकोंडा आणि ॲनाकोंडाच्या आणखी दोन जाती यांची भर पडली. नववा, म्हणजे बोआ कन्स्ट्रिक्टर, मात्र वगळला गेला. नऊ जणांत सर्वाधिक खपाचा तोच आणि मायामीजवळ त्याची रानटी वस्ती १९७० च्या दशकापासून आहे. सर्पव्यवसायाचा दबाव नेमका कुठे पोचला, हे या वगळण्यातून जितके दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

सर्पपालकांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नव्हते. मिनेसोटातला अजगर पळाला तर पहिल्याच हिवाळ्यात मरेल. त्याच्या मालकाला दंड कशासाठी? बंदीमुळे नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याला आपला साप सोबत नेणे हा संघीय गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड. रंगीबेरंगी जाळीदार अजगरांची पैदास करणाऱ्यांचा माल रातोरात राज्याच्या हद्दीत अडकला. विकता येत नाही, नेता येत नाही, असा साप लोक उलट रानातच सोडतील, असाही युक्तिवाद होता. याला वन्यजीव खात्याकडे पक्के उत्तर नव्हते. मात्र खात्याची मूळ अडचण समजून घ्यायला हवी: हानी सिद्ध होईपर्यंत थांबावे तर प्रतिबंध उरत नाही आणि आधी बंदी घालावी तर पुरावा अपुरा म्हणून कोर्टात खेचले जाते. एव्हरग्लेड्सच्या बाबतीत ते थांबले होते.

युनायटेड स्टेट्स असोसिएशन ऑफ रेप्टाइल कीपर्स ही सर्पपालकांची संघटना २०१३ मध्ये न्यायालयात गेली. निकाल लागला तो सापांवर नव्हे, तर वाक्यरचनेवर. ‘खंडीय अमेरिका, कोलंबिया जिल्हा, हवाई, पोर्तो रिको आणि अन्य प्रदेश यांच्या दरम्यान’ वाहतूक करू नये, असे कायद्याचे शब्द. सरकार अनेक दशके याचा अर्थ कोणत्याही दोन राज्यांमध्ये असा लावत आले होते. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ७ एप्रिल २०१७ रोजी सांगितले की यादीतल्या घटकांच्या दरम्यानची वाहतूक तेवढी बंद, खंडीय राज्यांची आपसातली नाही. त्यामुळे जॉर्जियातून ओहायोत अजगर नेता येतो, पण मेरीलँडमधून शेजारच्या राजधानीत, म्हणजे कोलंबिया जिल्ह्यात, नेता येत नाही. परदेशातून आयात आणि हवाईत पाठवणे अर्थातच बंद राहिले. ही फट बुजवणारी दुरुस्ती फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने एका भल्यामोठ्या औद्योगिक विधेयकात घालून मंजूर केली. सर्पपालकांनी जोरदार विरोध केला आणि अंतिम कायद्यातून ती गळाली.

फ्लॉरिडाने आपला रस्ता वेगळा काढला. २००८ पासून परवाना आणि कातडीखाली मायक्रोचिप सक्तीची झाली. २००९ मध्ये घरच्या ब्रह्मी अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतल्यावर जनमत कठोर झाले आणि २०१० मध्ये असे साप नव्याने पाळायला घेणे बंद झाले. २०२१ मध्ये राज्याने १६ परकी सरपटणाऱ्या प्रजाती निषिद्ध यादीत टाकल्या. नको झालेला प्राणी शिक्षेच्या भीतीविना आणून द्यावा, यासाठी तिथे माफी योजनाही चालते, आणि रस्त्यात सोडण्यापेक्षा हा उपाय शहाणपणाचा आहे.

पकडण्याचे काम मात्र संपत नाही. २०१३ च्या जाहीर शिकार स्पर्धेत सुमारे १,६०० लोक उतरले आणि ६८ अजगर हाती लागले; गवतात समोर पडलेला अजगरही सहसा नजरेस पडत नाही. जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूतील, परंपरेने साप पकडणाऱ्या इरुळा समाजाचे मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल यांना मुद्दाम बोलावले गेले. त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत १३ अजगर काढून दाखवले. भारताशी आणखी एक धागा जनुकांतून निघाला: २०१८ च्या एका अभ्यासात फ्लॉरिडाच्या सुमारे ४०० अजगरांपैकी १३ जणांत भारतीय अजगराच्या संकराच्या खुणा होत्या.

खुद्द भारतात प्रश्न उलटा आहे. इथला अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असल्याने तो पाळणे गुन्हा. हौस भागवली जाते ती आफ्रिकेतील बॉल पायथन आणि इतर परदेशी सापांवर. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात ते मुंबई विमानतळावर वेळोवेळी सापडतात. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार सायटीस या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील जिवंत परदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी आवश्यक झाली. पिल्ले झाली किंवा प्राणी दुसऱ्याला दिला तर तेही कळवावे लागते. आक्रमक परकी प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर बंदी घालण्याचा अधिकार याच दुरुस्तीने केंद्र सरकारला वेगळ्या कलमाने दिला आहे.