वेव्हर्ली (आगबोट)

स्कॉटलंडमधील ग्लासगोची सहलीची बोट. भर समुद्रात प्रवासी नेणारी, वाफेवर आणि दोन्ही बाजूंच्या चाकांवर चालणारी ही जगातली शेवटची आगबोट होय.

सुटी लागली की ग्लासगोचे कामगार बायकामुलांना घेऊन बोटीने क्लाइड नदीच्या मुखाकडच्या डनून, रॉथसे, लार्ग्स या गावांना जात. या बोटी रेल्वे कंपन्याही चालवत. अशीच एक १८९९ सालची वेव्हर्ली दुसऱ्या महायुद्धात, मे १९४० मध्ये, फ्रान्समधील डंकर्कहून सैनिक आणताना बाँबहल्ल्यात बुडाली. तिची जागा घ्यायला बांधलेली सध्याची वेव्हर्ली २ ऑक्टोबर १९४६ रोजी पाण्यात उतरली आणि १६ जून १९४७ रोजी पहिल्या फेरीला निघाली. नाव मूळचे वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीचे.

बोटीचे खरे वैभव तिचे इंजिन. सुमारे २,१०० अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरांचे हे धूड तिरपे बसवले आहे. प्रवाशांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरूनच ते दिसते. तेलाने चकाकणारे दांडे हाताच्या अंतरावर मागेपुढे सरकतात, मुले कठड्याला चिकटून उभी राहतात. दोन्ही चाकांना प्रत्येकी आठ लाकडी फळ्या. चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली, त्यामुळे एक पुढे, एक मागे असे फिरवता येत नाही. बोट वळायला भरपूर पाणी लागते, आणि वारा असला की धक्क्याला लावताना कप्तानाची कसोटी लागते.

मोटारी वाढल्या, प्रवासी आटले आणि १९७३ च्या हंगामानंतर बोट थांबली. १९७४ मध्ये अशा बोटी जपणाऱ्या संस्थेने ती अवघ्या एका पौंडाला घेतली. ती पुन्हा चालेल असे फार थोड्यांना वाटत होते. पण लोकांनी वर्गणी काढली आणि २२ मे १९७५ रोजी ती पुन्हा निघाली. बोट नुसती धक्क्याला बांधून न ठेवता चालती ठेवली, हे या संस्थेचे मोठे काम. १९७७ मध्ये डनूनजवळच्या खडकांवर ती चढली, पण प्रवासी सुखरूप उतरले. पुढे इंग्लंडचा दक्षिण किनारा, ब्रिस्टलची खाडी, लंडनची थेम्स असे तिचे फेरे वाढले. बॉयलर निकामी झाल्याने २०१९ चा हंगाम बुडाला, तेव्हा पुन्हा लोकांच्या वर्गणीतून आणि स्कॉटलंड सरकारच्या मदतीतून सुमारे २३ लाख पौंड जमले. नव्या बॉयलरवर ऑगस्ट २०२० मध्ये ती निघाली. पुढच्याच महिन्यात अ‍ॅरन बेटावरच्या ब्रॉडिकच्या धक्क्यावर आदळून काही प्रवासी जखमी झाले. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, दुरुस्त करून पुढे ती पुन्हा फेऱ्यांना लागली. आजही उन्हाळा आला की तिची चाके फिरू लागतात.