सीतेच्या आसवांचं पोट मातीखाली असतंय

गणपती झाले की बेळगावकडच्या जांबोटीवरनं कणकुंबीकडं जाताना भाताच्या बांधावर, जांभ्याच्या सड्यावर म्हणजे तांबड्या दगडाच्या उघड्या माळावर, जिथं पाणी नुसतं झिरपत असतंय तिथं बघा, जांभळट निळी बारीक फुलं दिसतील, बोटाच्या पेराएवढी पण नाहीत. आमच्या मावशीच्या भाषेत 'सीतामाईची आसवं, पाय देऊ नको'. शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया, म्हणजे लॅटिनमध्ये छोटी कातडी पिशवी, आणि खरी गंमत त्या पिशवीतच आहे.

या झाडाला खरी मुळंच नसतात. चिखलात नुसते धागे, आणि त्या धाग्यांना मोहरीपेक्षाही लहान फुगे. फुगा आतलं पाणी सारखं बाहेर टाकत राहतो, त्यामुळं भिंती आत चेपतात, बाटलीतली हवा तोंडानं ओढून घेतल्यावर ती कशी पिचकते तसं. दाराशी केस असतात. मातीतल्या पाण्यात पोहणारा एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की दार आत उघडतं, फुगा फटकन फुगतो आणि पाण्याबरोबर जीव आत! हे सगळं काही मिलीसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत, आपली पापणी लवायला शंभरेक मिलीसेकंद लागतात. मग दार बंद, आत पाचक रस, अन् पंधरा-वीस मिनिटांत फुगा परत तयार.

डार्विनला १८७५ मध्ये वाटलं होतं की किडे स्वतःच डोक्यानं दार ढकलून आत जातात. इतका वेग डोळ्याला दिसणार कसा, त्याला हाय-स्पीड कॅमेराच पाहिजे.

पण फुलझाडाला शिकार कशाला? आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, जांभ्यावरची असली-नसली माती धुवून नेतो, नायट्रोजन राहतच नाही, मग तो किड्यातनं घ्यायचा. उलट खत जास्त पडलं तर शेजारचं गवत माजतं आणि हिच्यावर सावली धरतं, म्हणजे युरिया हिच्या फायद्याचा नाहीच.

फुगे बघायचे तर झाड उपटू नका, धागे तुटून मातीतच राहतात. आपल्याच बांधावरचं, फुलाच्या बुडातलं चिमूटभर ढेकूळ वाटीत पाण्यात विरघळू द्या, मग भिंग धरा. मावशीला दाखवलं तर ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "म्हंजे ही वर रडालीय आणि खाली जेवालीय की रे!"