घेरा वेगळा, वाऱ्याचा पट्टा वेगळा

मुंबई-गोवा महामार्गावर गॅसचा टँकर कलंडला की अर्ध्या तासात मोबाईलवर निरोप फिरायला लागतात. एका ग्रुपवर "शंभर मीटरच्या आत जाऊ नका", दुसऱ्यावर "आठशे मीटर", तिसऱ्यावर "दीड किलोमीटर रिकामा करा". मग टपरीवर वाद, खरं सुरक्षित अंतर कोणतं? एलपीजीच्या टँकरला हे तिन्ही आकडे जवळपास बरोबर आहेत. फक्त ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. औद्योगिक वसाहतीत सुरक्षा विभागात नोकरी करताना आसपासच्या गावांत सराव घ्यायचो. दर वेळी याच घोळापाशी अडायचं, म्हणून एकदा लिहून काढतो.

पहिलं अंतर घेऱ्याचं. ते तुम्हाला ठाऊक आहे: गळतीची जागा मध्ये धरून चहूबाजूंनी गोल, दोरी, पोलीस, आत फक्त मास्क-सिलिंडरवाले. वारा कुठलाही असो, घेरा गोलच. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून जी आपत्कालीन मार्गदर्शिका काढतात, तिच्यात लहान गळतीसाठी अमोनियाला ३० मीटर, क्लोरीनला ६० मीटर घेरा दिला आहे. एलपीजीला १०० मीटर. लहान म्हणजे साधारण एका पिंपापर्यंत, २०८ लिटर. मोठ्या टँकरचा व्हॉल्व्ह किंचित गळत असेल तर तीही लहानच गळती. टँकर केवढा हे नाही, बाहेर किती पडतंय ते बघायचं. घेऱ्याचं एवढं पुरे.

दुसरं अंतर वाऱ्याच्या पट्ट्याचं, आणि सगळी गडबड इथे आहे. वारा जिकडे वाहतो त्या बाजूला गॅस किती लांबवर माणसाला इजा करू शकेल, त्याचं हे अंतर. याला गोल काढायचा नसतो. मार्गदर्शिकेत तो चौकोन आहे: गळतीपासून वाऱ्याच्या दिशेने जेवढी लांबी, तेवढीच रुंदी, निम्मी डावीकडे, निम्मी उजवीकडे. वारा ज्या अंगाने येतो तिकडे फक्त घेरा लागू. फोनवरच्या नकाशात एक किलोमीटरचा गोल काढून "आमची वाडी गोलात येते का?" विचारणारे मला रोज भेटतात. वाडी गोलात असेल आणि काही होणार नाही. पलीकडची वाडी गोलाबाहेर असेल आणि तिथल्यांचे डोळे आधी चुरचुरतील.

क्लोरीनचं उदाहरण घ्या. लहान गळती असेल तर घेरा दिवसा ६० मीटर, रात्रीही ६० मीटर. पट्टा मात्र दिवसा तीन-चारशे मीटर आणि रात्री किलोमीटरच्या वर. गळती तीच, गॅस तोच. दिवसा उन्हाने तापलेली जमीन हवा ढवळत राहते, गॅस पातळ होतो. रात्री जमीन निवते, खालची गार हवा झाकण ठेवल्यासारखी बसून राहते आणि गॅस त्या झाकणाखालून दाटच सरकतो. भोपाळची १९८४ ची गळती रात्रीची होती, विशाखापट्टणमची २०२० ची पहाटेची. आणि "वारा पडलाय, बरं झालं" हे वाक्य कृपा करून बोलू नका. त्याच पुस्तकात अमोनिया-क्लोरीनच्या मोठ्या गळतीसाठी वाऱ्याच्या वेगानुसार वेगळा तक्ता आहे. सर्वात लांब अंतरं मंद वाऱ्याच्या रकान्यात आहेत.

आता आपल्या किनाऱ्याची भानगड. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे कामाला येतात. पावसाळा सोडला तर दुपारी वारा समुद्रावरून डोंगराकडे आणि रात्री डोंगराकडून समुद्राकडे. म्हणजे संध्याकाळी पाचला बरोबर आखलेला पट्टा रात्री दहाला उलटा झालेला असतो. घेरा जागचा हलत नाही. पट्टा दिवस मावळल्यावर कूस बदलतो. तक्त्यातली अंतरं मुळात पहिल्या अर्ध्या तासाच्या हिशेबाने दिलेली आहेत, तरी लोक दुपारची रेघ रात्रभर धरून बसतात.

एका बंदरात बर्फाच्या कारखान्यात रात्री अमोनिया सुटला होता. मच्छीच्या धंद्याला बर्फ लागतो, बर्फाला अमोनिया, त्यामुळे असे कारखाने वस्तीला खेटूनच असतात. कोणीतरी ओरडलं, "मोकळ्यावर चला!" आणि अख्खी आळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर जाऊन बसली. पुळण घेऱ्याच्या चांगली बाहेर होती. पण मतलई सुटला होता, कारखाना मागे आणि समुद्र पुढे. लोक नाकाला पदर, टॉवेल लावून खोकत होते तरी "लांब आलोय की" म्हणून उठायला तयार नव्हते. एका म्हाताऱ्या तांडेलाने नांगरलेल्या होड्यांच्या बावट्यांकडे बोट दाखवलं. सगळे बावटे दर्याकडे फडफडत होते. त्यावर कोणी वाद घातला नाही. तो पुढे आणि आळी मागे, पुळणीनेच उत्तरेकडे निघाली, म्हणजे वाऱ्याला आडवी. दोन-अडीचशे पावलांत वास कमी झाला. दिशा ओळखायला बावटा नसेल तर दोरीवरचा टॉवेल बघा, उदबत्तीचा धूर बघा. माडाच्या शेंड्यावर विसंबू नका, वरचा वारा आणि अंगणातला वारा नेहमी एक नसतो.

चढ-उताराचं थोडक्यात. एलपीजी आणि क्लोरीन हवेहून जड, उताराने वहाळात, खाजणात जाऊन बसतात. तेव्हा सड्याकडे, म्हणजे वरच्या माळाकडे चढा, पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे उतरू नका. "अमोनिया हलका असतो, वर उडून जातो" हे सांगणाऱ्यांचा मला विशेष राग येतो. दाबाखालचा द्रव अमोनिया बाहेर पडला की गारठून पांढरं धुकं होतं आणि ते सुरुवातीला जमिनीलगतच सरपटतं. आपल्या दमट हवेत तर जास्तच.

म्हणून एलपीजीचे ते तीन आकडे. शंभर मीटर हा घेरा. आठशे मीटर हा मोठ्या गळतीत वाऱ्याच्या दिशेचा पट्टा. आणि १६०० मीटर हे टाकी आगीत सापडली तर. टाकी फुटताना वारा बघत नाही, म्हणून ते पुन्हा चहूबाजूंनी. निरोप पुढे ढकलायचाच असेल तर आकड्याबरोबर "कुठल्या बाजूला" हे दोन शब्द घाला. नाहीतर ढकलू नका. आणि टँकरच्या पाटीवरचा चार आकडी क्रमांक लांबूनच वाचून कळवा: १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. व्हिडिओपेक्षा अग्निशमनवाल्यांना त्याचा उपयोग जास्त.

आणखी एक. पट्ट्यात आलो म्हणजे पळायचंच, असं नाही. विषारी गॅसचा ढग दारात आला असेल आणि थोड्या वेळात पुढे जाणार असेल, तर दारं-खिडक्या लावून, पंखे बंद करून आत थांबणं पुष्कळदा बरं, आणि ढग गेल्यावर घर उघडून बाहेर यायचं. एलपीजी असेल तर मात्र घरात कोंडून घेऊ नका, तिथे निघूनच जायचं. एका सरावात हे सांगत होतो तेव्हा ओटीवर बसलेल्या आजींनी विचारलं, "साहेब, आमच्या कौलातनं दिवसा उजेड येतो, मग गॅस नाय येणार?" बरोबर होतं त्यांचं. मार्गदर्शिकेतही लिहिलंय की घर घट्ट बंद होत नसेल तर आत थांबू नये. त्या वाडीत स्लॅबची घरं तीनच निघाली. तिथल्या मंडळींनी त्याच दुपारी ठरवलं की कौलारू घरांतल्यांनी कोणाच्या घरी जायचं, आणि आजींना धरून कोणी न्यायचं.