ओठाचा कॅन्सर, आणि तोही खालच्याच ओठाला

ओठाला कॅन्सर झाला म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: तंबाखू खायचा का? प्रश्न गैर नाही. चुना मळून खालच्या ओठामागे धरलेली चिमूट तिथलं अस्तर पोखरते, आणि आपल्याकडचे तोंडाचे बहुतेक कॅन्सर तंबाखू-सुपारीनेच होतात. पण ऑस्ट्रेलियात उन्हात राबणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांना तंबाखूला हात न लावताही हा रोग गाठतो. तोही ओठाच्या बाहेरून दिसणाऱ्या लालसर भागावर, आणि दहापैकी जवळपास नऊ वेळा खालच्या ओठावर. वरच्या ओठाला नाकाची थोडीफार सावली मिळते. खालचा मात्र आभाळाकडे तोंड करून बसलेला.

हा लालसर भाग ना धड कातडी, ना धड तोंडातलं अस्तर. वरचा थर पातळ, केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत. गोऱ्या माणसाच्या ओठात मेलॅनिन हे रंगद्रव्यही नावापुरतंच. आपल्या सावळ्या ओठांत ते बऱ्यापैकी असतं आणि पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखं पसरतं, म्हणून उन्हाचा हा कॅन्सर आपल्याकडे कमी दिसतो. (आणि आपण ओठ गुलाबी करणाऱ्या क्रीमवर पैसे घालवतो!)

आता ऊन नेमकं करतं काय? सूर्याच्या अतिनील किरणांतला ‘बी’ गट थेट डीएनएला भिडतो. डीएनए दोन धाग्यांचा, आणि ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला. एकाच धाग्यावर सी किंवा टी ही अक्षरं शेजारी-शेजारी असली, की किरणाची ऊर्जा शोषून ती एकमेकांनाच चिकटतात. पेशी हे ओळखते. चिकटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप घेऊन सुमारे ३० अक्षरांचा तुकडा काढून टाकते आणि समोरचा धागा बघून नवा भरते. या दुरुस्तीचा उलगडा केल्याबद्दल अझीझ संजार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

दुरुस्ती राहून गेली, की चिकटलेल्या सी मधला अमिनो गट गळतो आणि त्याचा यू, म्हणजे टी सारखंच दिसणारं अक्षर, होतो. नक्कल करणारं एन्झाइम त्याला टी समजून समोर टी चा जोडीदार ए बसवतं. पुढच्या नकलेत सी च्या जागी कायमचा टी. दोन सी लगत असले तर कधी कधी दोन्हींचे टी होतात, आणि हा जोडबदल उन्हाशिवाय क्वचितच होतो. येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटाला १९९१ मध्ये त्वचेच्या स्क्वेमस सेल कार्सिनोमात (वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर; ओठाचा बहुधा याच जातीचा) पी५३ या जनुकात असेच बदल सापडले.

पी५३ चं काम म्हणजे डीएनए फार बिघडलेल्या पेशीला मरायला लावणं. तेच बिघडलं तर ती पेशी उन्हाला दाद देत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन लागतं, शेजारच्या धडधाकट पेशी नियमाप्रमाणे मरतात आणि मोकळी झालेली जागा ही बंडखोर पेशी बळकावते. तणनाशकाला न जुमानणारं तण फवारणीनंतरच शेतभर फोफावतं, तसंच. म्हणजे ऊन आधी बिघाड करतं आणि मग त्या बिघाडाला जागाही करून देतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांत प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते. अशा पेशींवरची तिची नजरही सुटते, म्हणून त्यांना धोका जास्त.

सुरुवात दुखत नाही. ओठ सतत कोरडा, खपली धरलेला, आणि ओठ व कातडी यांच्यातली रेघ पुसट झालेली. आपण त्याला ‘उष्णता’ म्हणतो आणि तूप किंवा भिरंडेल (कोकम तेल) लावत बसतो. फुटलेल्या ओठाला भिरंडेल उत्तमच, पण दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा हाताला कडक लागणारी गाठ डॉक्टरांनाच दाखवायची.

आणि तपासणीसाठी तुकडा काढू म्हटलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो.’ या भीतीपायी किती गाठी गल्लीतल्या लेपवाल्याकडे महिनोन्‌महिने पिकत राहतात! रोग पसरतो तो त्या महिन्यांत, हनुवटी आणि जबड्याखालच्या लसिका ग्रंथींकडे (लिम्फ नोड). दोन सेंटिमीटरच्या आत सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. सर्जन पाचरीच्या आकाराचा भाग कापून दोन्ही कडा जुळवतात. ओठाचा साधारण एक तृतीयांश भाग गेला तरी बाहेरून कातडी आणावी लागत नाही, ओठच तेवढा ताणला जातो.