कधीच न झालेल्या कायद्यावरचं मत

१९७८ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात आणि आसपासच्या भागात एक जनमत चाचणी झाली. त्यात एक प्रश्न असा होता: १९७५ चा ‘पब्लिक अफेअर्स अ‍ॅक्ट’ रद्द करावा असं काही जण म्हणतात, तुमचं काय मत? जवळपास एक तृतीयांश लोकांनी ‘करावा’ किंवा ‘करू नये’ असं ठाम उत्तर दिलं. मुळात असा कायदा कधी झालाच नव्हता. जॉर्ज बिशप आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी तो त्या प्रश्नावलीपुरता रचला होता.

या लोकांना हसणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. मुलाखत घेणारा माणूस गंभीरपणे प्रश्न विचारतो, म्हणजे असा कायदा असणारच, असं त्यांनी धरलं. मग नावावरून जो अर्थ लागला त्याला, सरकारवर एकूण जितका भरवसा आहे त्या अंदाजाने, उत्तर दिलं. ‘या विषयावर तुमचं काही मत आहे का?’ असं आधी विचारलं, तेव्हा मत देणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. सगळ्यांनाच मत असतं हे आपणच गृहीत धरतो, आणि माणसं बिचारी ते गृहीतक सांभाळून घेतात.

खऱ्याखुऱ्या विषयांवरही वेगळं चित्र दिसत नाही. फिलिप कॉन्व्हर्स या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ साली जे मांडलं, त्याने राज्यशास्त्राची झोप उडाली. त्याच त्या माणसांना १९५६, १९५८ आणि १९६० मध्ये तेच प्रश्न विचारले गेले होते. घरबांधणी आणि वीज यांसारख्या गोष्टी सरकारने खासगी उद्योगांवर सोडाव्यात का, हा त्यातला एक. अशा प्रश्नांवर लागोपाठच्या दोन मुलाखतींत २० पैकी साधारण १३ जणच त्याच बाजूला राहिले. नाणं उडवून उत्तर दिलं असतं, तरी १० जण राहिलेच असते! दोन वर्षांत विचारपूर्वक मत बदलणारे यात फारच थोडे असावेत. बहुतेकांनी उत्तर दारात उभ्याउभ्या तयार केलं होतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा नव्याने.

असं का होतं, याचा हिशेब अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडला होता. घर भाड्याने घेताना आपण चार घरं पाहतो, कारण चूक झाली तर ती आपल्यालाच भोगावी लागते. मतदानाचं तसं नाही. मी महिनाभर जाहीरनामे वाचून मत दिलं काय आणि न वाचता दिलं काय, निकाल बहुधा तोच लागणार. २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत एका मताने निकाल फिरण्याची शक्यता सरासरी सहा कोटींत एक होती, असं संशोधकांनी काढलं. अभ्यासाला लागणारा वेळ मात्र पूर्णपणे माझा जातो. आजारी आईची औषधं, मुलांची शाळा, नोकरी यांतून उरलेलं लक्ष माणूस राजकारणाला देतो, आणि ते थोडंच उरतं. याला अडाणीपणा म्हणणं मला मुळीच पटत नाही.

यावर एक दिलासा नेहमी दिला जातो: लाखो लोकांच्या चुका एकमेकींना खोडून काढतात आणि थोड्या जाणकारांचं मत वर उरतं. गणित बरोबर आहे, पण त्यासाठी चुका चहूदिशांना पांगलेल्या हव्यात. सगळेच एका बाजूला चुकले तर काहीच खोडलं जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डालगास या संशोधकांनी लहान मुलांना दोन-दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, समुद्रसफरीवर जायचं तर बोटीचा कप्तान यांतला कोण? फोटो होते फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतल्या प्रतिस्पर्धी उमेदवारांचे. मुलांनी निवडलेला कप्तान दहापैकी सातेक वेळा निवडून आलेला होता. ज्या चेहऱ्याला मुलं भुलली, त्यालाच मोठेही भुलले असावेत असा याचा अर्थ निघतो, आणि मला तो फार अस्वस्थ करतो.

पण अशा एखाद्या खुणेवरून ठरवणं दर वेळी घातकच असतं असं नाही. कॅलिफोर्नियात १९८८ साली विमा सुधारणेचे पाच वेगवेगळे प्रस्ताव एकाच वेळी मतदारांपुढे आले. किचकट कायदेशीर भाषा, जाहिरातींचा भडिमार. राज्यशास्त्रज्ञ आर्थर ल्युपिया यांनी मत देऊन बाहेर पडणाऱ्यांना गाठलं. प्रस्तावांचे तपशील ज्यांना फारसे ठाऊक नव्हते, पण विमा कंपन्या कोणत्या प्रस्तावाच्या बाजूने आहेत एवढं ठाऊक होतं, त्यांचं मतदान बारकावे जाणणाऱ्यांच्या मतदानाशी जुळत होतं. नेमकी एक माहिती हाती होती, तीच पुरली. ‘याला पैसा कोण पुरवतंय’ हे ठळकपणे सांगणारी एक ओळ मतदाराच्या फार कामाची, ती लाखभर शब्दांच्या जाहीरनाम्यात पुरली जाऊ नये.

राजकारण रोज चघळणाऱ्यांनी मात्र स्वतःवर फार खूश होऊ नये. चार्ल्स टेबर आणि मिल्टन लॉज या राज्यशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत, जास्त माहिती असलेली माणसं विरोधी मुद्दे खोडण्यात जास्त तरबेज निघाली आणि आपल्याच बाजूला आणखी घट्ट चिकटली.

राजकारणाला माणसाचं लक्ष मिळायचं तर आपल्या मताला वजन आहे असं माणसाला वाटायला हवं. राज्यशास्त्रज्ञ जेम्स फिशकिन यांनी १९९४ मध्ये मँचेस्टरला हेच करून पाहिलं. ब्रिटनभरातून यादृच्छिक पद्धतीने निवडलेली सुमारे तीनशे माणसं शनिवार-रविवार एकत्र आली. विषय होता गुन्हेगारी. त्यांना आधी माहितीपुस्तिका दिली होती. तिथे लहान गटांत चर्चा झाल्या, तज्ज्ञांना आणि नेत्यांना प्रश्न विचारले गेले. दोन दिवसांत अनेकांची मतं हलली. जास्त लोकांना तुरुंगात टाकलं की गुन्हे कमी होतात, असं मानणारे बरेच घटले.

तिथे नवऱ्यासोबत आलेली एक बाई फिशकिन यांचे आभार मानायला गेली. लग्नाला तीस वर्षं झाली, ती सांगत होती, पण नवऱ्याने कधी वर्तमानपत्र वाचलं नव्हतं. बोलावणं आल्यापासून तो रोज सगळी वर्तमानपत्रं वाचू लागला होता.